फ्रेंचमध्ये आधी बोंजूर, मग बाकी सगळं

फ्रान्सला पहिल्यांदा निघालेली मंडळी पाठ काय करून जातात, तर स्टेशन कुठंय, हे केवढ्याला, इंग्लिश येतं का. ही वाक्यं लागतातच, त्यात काही चूक नाही. पण परत आल्यावर सांगतात की पॅरिसचे लोक फार शिष्ट, नीट उत्तरच देत नाहीत, इंग्लिश येत असून मुद्दाम बोलत नाहीत वगैरे. मी बिगिनर्सना फ्रेंच शिकवते आणि अशा तक्रारी खूप ऐकते, आणि प्रत्येक वेळी मी एकच विचारते की तुम्ही प्रश्न विचारायच्या आधी बोंजूर, म्हणजे नमस्कार, म्हणाला होतात का? बहुतेक वेळा उत्तर नाही असंच येतं.

आपल्याकडे किराणा दुकानात गेलं की "काका, अर्धा किलो पोहे द्या" इथूनच बोलणं सुरू होतं, आणि त्यात काकांना काही वावगं वाटत नाही. फ्रान्समध्ये हेच वाक्य, कितीही गोड आवाजात म्हटलं तरी, खटकतं. तिथे छोटं दुकान म्हणजे दुकानदाराची स्वतःची जागा असं धरतात आणि तिथे शिरताना बोंजूर म्हणणं म्हणजे कुणाच्या घरी गेल्यावर आधी दाराची कडी वाजवणं. समोरून उलट बोंजूर आलं की मग विचारा काय विचारायचं ते. इंग्लिश शिकलेल्यांना वाटतं की आपण "एक्स्क्यूझे म्वा" म्हणजे एक्स्क्यूज मी म्हटलं म्हणजे झालं की, पण तेवढ्याने भागत नाही. आधी बोंजूर, मग एक्स्क्यूझे म्वा, मग प्रश्न. ही ऑर्डर पक्की लक्षात ठेवा, उच्चार थोडा इकडेतिकडे झाला तर चालतो पण ऑर्डर चुकली की समोरच्याचा चेहरा बदलतो.

हे त्यांच्याकडे किती मनावर घेतात त्याचा एक खरा किस्सा सांगते. २०१३ मध्ये नीस शहरातल्या एका कॅफेने बाहेर पाटी लावली होती. नुसतं "एक कॉफी" म्हणालात तर ७ युरो. "एक कॉफी, प्लीज" म्हणालात तर ४ युरो २५ सेंट. आणि "बोंजूर, एक कॉफी, प्लीज" म्हणालात तर फक्त १ युरो ४० सेंट. मालकाने गमतीत लावलेली पाटी, पण तिचा फोटो जगभर फिरला, कारण त्यातली कळकळ प्रत्येक फ्रेंच दुकानदाराला पटणारी होती.

मग बोंजूर कुठे कुठे म्हणायचं? बेकरी, औषधाचं दुकान, पोस्ट, हॉटेलचं रिसेप्शन, सगळीकडे. बसमध्ये चढताना ड्रायव्हरला. लिफ्टमध्ये आधीपासून कुणी असेल तर त्यांना. डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये शिरताना तर तिथे बसलेल्या सगळ्यांना मिळून म्हणतात, आणि सगळे अनोळखी असूनही मान वर करून उत्तर देतात, मला ही पद्धत मनापासून आवडते. समोर चारपाच जण असतील तर बरेच जण "मेस्यू-दाम" असं जोडतात, म्हणजे बायका-पुरुष सगळ्यांना एकदम नमस्कार. खेडेगावात रस्त्यात समोर आलेल्या माणसाला किंवा डोंगरात ट्रेक करताना भेटलेल्यालाही म्हणायचं. पण पॅरिसच्या मेट्रोत किंवा मोठ्या शहराच्या फुटपाथवर येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणत सुटू नका, तिथे कुणी म्हणत नाही.

आता एक बारीक गोष्ट जी पुस्तकात सहसा नसते. बोंजूर एका माणसाला दिवसातून एकदाच. सकाळी ऑफिसात सहकाऱ्याला म्हटलं आणि दुपारी कॉफी मशीनपाशी परत भेटला आणि तुम्ही परत बोंजूर म्हणालात तर त्याला वाटतं की सकाळी आपण भेटलो ते हा विसरला की काय. त्यासाठी "रबोंजूर" असा शब्द आहे, म्हणजे पुन्हा एकदा बोंजूर, आणि घाईत तर नुसतं "र" म्हणून पुढे जातात. किंवा हसून मान हलवली तरी पुरतं.

संध्याकाळ झाली की बोंस्वार. नक्की किती वाजता बदलायचं याचा कडक नियम नाही, साधारण सहाच्या आसपास सुरू होतं, हिवाळ्यात लवकर अंधार पडला की त्याआधीही. सोपा उपाय म्हणजे समोरचा काय म्हणतो ते ऐका आणि तेच म्हणा. पण बोंस्वारच्या जागी "बॉन न्वी" म्हणू नका हं, कारण गुड नाईट म्हणून ते पाठ केलेलं असतं आणि रात्री आठला रेस्टॉरंटमधून निघताना वेटरला म्हणून मोकळे होतात. बॉन न्वी फक्त झोपायला जाताना म्हणतात, घरातल्यांना किंवा ज्यांच्याकडे मुक्कामाला आहात त्यांना.

आता उच्चाराचं बोलूया, कारण इथे मराठी माणसाला चांगला फायदा आहे आणि तो कुणी सांगत नाही. फ्रेंच लोकांचे त, प, क अगदी आपल्यासारखे आहेत. इंग्लिश माणूस पॅरिस म्हणताना प नंतर हवा सोडतो, फसारखा वास येतो त्याला, आपल्या पपईतला प फ्रेंच प च्या जास्त जवळ आहे. त तर दाताला जीभ लावून, आपण "ताक" म्हणतो तसाच. त्यामुळे फ्रेंच बोलताना डोक्यातला इंग्लिश टी बाजूला ठेवा आणि सरळ मराठी त वापरा, अर्धं काम तिथेच झालं.

नाकातले स्वर हा दुसरा मुद्दा. बोंजूरमधला "बों" म्हणताना जीभ टाळूला लागतच नाही, न चा स्पष्ट उच्चार होत नाही, फक्त ओ नाकातून सोडायचा. कोकणी किंवा मालवणी बोलणाऱ्यांना हे पटकन जमतं, त्यांच्या बोलण्यात असे स्वर रोजचेच आहेत. देशावरच्यांनी चंद्रबिंदू दिलेलं अक्षर वाचतोय असं समजून म्हणावं.

बोंजूरमधला ज मात्र आपल्याकडे नाही. ना जगातला ना जेवणातला. तो असा काढायचा: लांब श म्हणा, शशश, आणि श चालू असतानाच गळ्यातून आवाज द्या. गळ्यावर हात ठेवून बघा, श ला थरथर लागत नाही आणि या आवाजाला लागते. एकदा सापडला की सापडला. मग सलाम-नमस्ते टाइपचा जो "साल्यू" आहे त्यातला यू, त्यासाठी ओठ ऊ सारखे गोल करायचे आणि आतून ई म्हणायचं. ओठ हलवायचे नाहीत. आणि र घशातून येतो, उर्दू गझलेतला नुक्त्याचा ग असतो ना, तिकडे झुकणारा. पण र साठी जीव काढू नका, साधा मराठी र म्हटला तरी सगळ्यांना कळतं, दक्षिण फ्रान्सच्या जुन्या पिढीत तसा र ऐकूही येतो.

लिहिलेलं आणि बोललेलं यात फरक भरपूर. शब्दाच्या शेवटची व्यंजनं बहुतेक वेळा गिळतात. मेर्सी बोकू, म्हणजे खूप आभार, यात शेवटी प लिहितात पण म्हणत नाहीत. आणि कधीकधी गिळलेलं अक्षर पुढे स्वर आला की परत उगवतं. "कोमाँ ताले वू", म्हणजे तुम्ही कसे आहात, यातला त असाच आलाय, पहिला शब्द एकटा असेल तर नुसता कोमाँ.

आता प्रत्यक्ष बेकरीत जाऊ. हा संवाद फ्रान्समध्ये रोज लाखो वेळा होतो आणि जवळजवळ शब्दाला शब्द असाच होतो, म्हणून हा एकच नीट बसवला तर बरीच फ्रेंच सभ्यता हातात येते.

तुम्ही दार ढकलून आत जाता आणि रांगेत उभे राहता. तुमचा नंबर आला की काउंटरमागच्या बाई म्हणतात, "बोंजूर." तुम्ही म्हणता, "बोंजूर मादाम." मादाम जोडलं की जास्त चांगलं, पुरुष असेल तर मस्यू. इथे एक श्वास थांबा, लगेच ऑर्डर फेकू नका. मग, "ज वूद्रे यून बागेत, सिल वू प्ले." मला एक बागेत, म्हणजे तो लांबुळका फ्रेंच पाव, हवी होती, प्लीज. यातलं "ज वूद्रे" महत्त्वाचं आहे, कारण "ज व" म्हणजे "मला पाहिजे" हेही व्याकरणात बरोबरच आहे, पण ते लहान मुलाने हट्ट केल्यासारखं ऐकू येतं. आपणही दुकानात "मला पाहिजे" पेक्षा "मला हवं होतं" म्हणतो ना, क्रियापद जरा मागे सरकवलं की बोलणं मऊ होतं, फ्रेंचमध्येही तीच युक्ती आहे.

बाई बागेत कागदात गुंडाळतात आणि विचारतात, "ए आवेक ससी?" शब्दशः, आणि याच्यासोबत? म्हणजे अजून काय देऊ. इथे नवखे लोक गडबडतात कारण हे वाक्य फार भरभर येतं. तुम्हाला अजून काही नको असेल तर "से तू, मेर्सी", एवढंच, धन्यवाद. बाई पैसे सांगतात, तुम्ही देता, देताना "व्वाला" म्हणता, हे घ्या. बाई सुटे परत देतात आणि म्हणतात, "मेर्सी, बॉन जूर्ने." तुमचा दिवस चांगला जावो. तुम्ही, "मेर्सी, वू ओसी", तुमचाही. आणि दाराकडे वळता वळता "ओ रव्वार", पुन्हा भेटू. रांगेत मागे दहा माणसं असली तरी यातलं काही गाळत नाहीत, फक्त स्पीड वाढवतात. काही घेतलं नाही, नुसतं बघून निघालात, तरी जाताना मेर्सी, ओ रव्वार म्हणायचं.

मेर्सीचा एक घोटाळा आहे, तो सांगून ठेवते. कुणाच्या घरी जेवायला गेलात, यजमानांनी विचारलं अजून वाढू का, आणि तुम्ही आनंदाने नुसतं "मेर्सी" म्हणालात, तर बऱ्याचदा ते "नको, पुरे" असं समजतात आणि भांडं पुढे सरकतं. हवं असेल तर "वी, सिल वू प्ले" म्हणा, किंवा "वोलोंत्ये", म्हणजे आनंदाने. नको असेल तर "नों, मेर्सी". आपल्याकडे नको नको म्हटल्यावर दोनदा आग्रह होणार हे गृहीत असतं, तिथे तसा आग्रह फारसा करत नाहीत, तेव्हा पहिल्याच वेळी खरं उत्तर द्या.

कुणी तुम्हाला मेर्सी म्हटलं तर काय म्हणायचं? रोजच्यासाठी "द रियँ", काही नाही हो त्यात. जरा आदराने "ज वू-झाँ प्री". तूलूझकडे आणि एकूण दक्षिणेत "आवेक प्लेझीर", आनंदाने केलं, असं सर्रास ऐकू येतं आणि कानाला फार छान लागतं.

माफी मागायच्या तीन पायऱ्या आहेत. गर्दीतून वाट काढताना किंवा हलका धक्का लागला तर "पार्दों". कुणाला थांबवून काही विचारायचं तर "एक्स्क्यूझे म्वा", बोंजूरनंतर, हे आधी सांगितलंच. आणि खरंच आपल्यामुळे कुणाला त्रास झाला, उशीर झाला, काही सांडलं, तर "ज स्वी देझोले". इथे एक सुख आहे. मराठीत बाई "चुकले" म्हणते आणि पुरुष "चुकलो", फ्रेंचमध्ये देझोलेला लिहिताना बाईसाठी एक अक्षर वाढतं पण उच्चार दोघांचा सारखाच. पहिल्या भेटीत म्हणतात ते "आँशाँते", भेटून आनंद झाला, त्याचंही तसंच. आणि समोरच्याचं बोलणं ऐकू आलं नाही तर "पार्दों?" असं विचारा. "क्वा?" म्हणजे "काय?" हे सिनेमात खूप ऐकलेलं असतं म्हणून तोंडात येतं, पण ते मित्रांपुरतं ठेवा, मोठ्यांशी उर्मट वाटतं.

आता तू आणि तुम्ही. इंग्लिश माणसाला हे शिकवायला पूर्ण तास जातो, आपल्याला दोन मिनिटं. "त्यू" म्हणजे तू, "वू" म्हणजे तुम्ही, आणि वू अनेकांसाठीही तेच, आपल्या तुम्हीसारखं. सिल वू प्ले हे तुम्हीवालं प्लीज, मित्राला म्हणायचं तर सिल त प्ले. कसे आहात ला कोमाँ ताले वू, आणि मित्राला नुसतं "सा वा?", त्यावर त्याचं उत्तरही "सा वा, ए त्वा?" बरं चाललंय, तुझं? प्रश्नही सा वा आणि उत्तरही सा वा, फक्त सूर बदलतो. साल्यूही तू वाल्यांसाठीच, भेटताना आणि निघताना दोन्ही वेळा चालतो, पण बँकेतल्या माणसाला साल्यू म्हणू नका.

फरक आहे तो कुणाला काय म्हणायचं यात. मुलं आई आणि वडील दोघांनाही तू म्हणतात, आजी-आजोबांनाही. शाळेत शिक्षकांना वू. दुकान, डॉक्टर, पोलीस, शेजारचे अनोळखी आजोबा, सगळे वू. ऑफिसात हल्ली बऱ्याच ठिकाणी पहिल्या दिवसापासून तू चालतं पण ते समोरच्याने सुरू करू द्यावं. वयाने किंवा पदाने मोठा असलेला माणूस म्हणतो, "ओं प स त्यूत्वाये?", आपण एकमेकांना तू म्हणूया का, त्यासाठी चक्क वेगळं क्रियापद आहे त्यांच्याकडे. तोपर्यंत वू वर राहा, वू म्हटल्याने सहसा कुणाचा अपमान होत नाही, तू ने होऊ शकतो. १८ जून २०१८ ला एका समारंभात एका शाळकरी मुलाने राष्ट्राध्यक्ष माक्रों यांना "सा वा, मान्यू?" असं, म्हणजे एमान्युएलचं लाडाचं नाव घेऊन विचारलं, तर त्यांनी तिथल्या तिथे त्याला समज दिली की मला मस्यू ल प्रेझिदाँ म्हणायचं, आणि तो व्हिडिओ देशभर चर्चेत राहिला.

देवाला मात्र तू. विठ्ठलाला आपण एकेरीत हाक मारतो तसंच फ्रेंच कॅथलिक लोक प्रार्थनेत देवाला त्यू म्हणतात, आधी वू म्हणायचे, १९६६ मध्ये प्रार्थनेची नवी फ्रेंच आवृत्ती आली तेव्हा ते बदललं. आणि नवरा-बायकोने एकमेकांना अहो-जाहो करणं हेही तिथल्या काही जुन्या घराण्यांमध्ये आहे, माजी राष्ट्राध्यक्ष जाक शिराक आणि त्यांच्या पत्नी बेर्नादेत एकमेकांना वू म्हणत असत.

मादाम आणि मस्यू कधीही चुकत नाहीत. "मादम्वाझेल" म्हणजे कुमारी, तो शब्द २०१२ पासून सरकारी फॉर्मवरून काढून टाकलाय, कारण पुरुषाला लग्न झालंय का हे कुणी विचारत नाही तर बाईलाच का. बोलण्यात अजून ऐकू येतो पण आपण वापरायची गरज नाही, तरुण मुलगी असली तरी मादाम म्हणा.

गालाला गाल लावून करतात ती "बीझ", तिच्याबद्दल विद्यार्थी सगळ्यात जास्त घाबरून विचारतात. ओठ टेकवत नाहीत, गाल टेकतात आणि हवेत आवाज करतात. पॅरिसमध्ये दोन, दक्षिणेत काही भागात तीन, कुठे चार, आणि कुठल्या गालापासून सुरू करायचं तेही ठिकाणानुसार बदलतं. दुकानात, ऑफिसच्या मीटिंगला, अनोळखी माणसाशी करत नाहीत. कोविडनंतर कमीही झालीय. तुम्हाला नको असेल तर आधीच हात पुढे करा, बोंजूर म्हणा, समोरचा हात मिळवतो, विषय संपला.

कॅनडात क्वेबेकला जाणारे मराठी लोक आता बरेच आहेत, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. तिथे मेर्सीला उत्तर म्हणून "ब्याँव्हन्यू" म्हणतात, जे फ्रान्समध्ये फक्त स्वागताला वापरतात. फोनवरचं "आलो" तिथे समोरासमोर भेटल्यावरही चालतं. तू लवकर येतं. आणि मॉन्ट्रियलच्या दुकानात तुम्हाला "बोंजूर-हाय" असं जोडून ऐकू येईल, म्हणजे ग्राहकाने भाषा निवडावी. यावरून तिथे इतका वाद झाला की २०१७ मध्ये प्रांताच्या विधानसभेने एकमताने ठराव करून दुकानदारांना नुसतं बोंजूर म्हणायची विनंती केली. तुम्ही बोंजूरने उत्तर दिलंत तर पुढचं फ्रेंचमध्ये येईल, तयारीने राहा.

आणि मॉरिशसला तर आपलीच माणसं आहेत, १९ व्या शतकात मुंबईहून गेलेल्या मजुरांचे वंशज, घरात गणपती बसवणारे. त्यांच्या रोजच्या क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेल्या, बोलीत बोंजूरचा तो अवघड ज नाहीच, सरळ "बोंझूर", आपल्या झाडातल्या झ च्या जवळचा. कसं काय ला "की मान्येर?" आणि उत्तर "कोरेक". फ्रेंच बोललात तरी सगळ्यांना समजतं.

निघताना काय म्हणायचं यात फ्रेंच लोक फार उदार आहेत. नुसतं ओ रव्वार म्हणून सहसा सोडत नाहीत, त्याला एक शुभेच्छा जोडतात आणि ती त्या वेळेला, त्या कामाला धरून असते. दिवसा बॉन जूर्ने, संध्याकाळी बॉन स्वारे, रविवार असेल तर बों दिमाँश, गाडीने जाणाऱ्याला बॉन रूत, जेवायला बसणाऱ्याला बोनापेती. उद्या भेटणार असाल तर आ दमँ, लवकरच पण नक्की माहीत नाही कधी तर आ ब्याँतो. कुणाची परीक्षा आहे, कुणी घर बदलतंय, सोमवारी सकाळी कामाला निघालंय, तर "बों कुराज", धीर धर, जमेल तुला. आणि ज्या माणसाशी परत भेट होईल असं वाटत नाही, ट्रेनमध्ये दोन तास शेजारी बसून गप्पा मारलेल्या आजी, इंटर्नशिप संपवून जाणारा मुलगा, त्यांना म्हणतात "बॉन कोंतिन्यूआस्यों", जे चाललंय ते पुढेही चांगलं चालू राहू दे.